आतली मूठ

निळ्या शर्टातली ती दोघं कुलूपवाल्या काकांच्या दुकानात शिरली तेव्हा पावणेआठ वाजले होते. काकांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि ते चष्मा पुसत बसले होते. मुलगी पुढे, तिचा जोडीदार मागे. घराघरांत ती नवी यंत्रं बसवण्याचं दोघांचं काम: बोलल्यावर उघडणारी दारं, फोनवरून लागणारे दिवे, छताला चिकटवायचे सेन्सर. मुलीला एकच वस्तू हवी होती. नव्या कुलपाला आतून फिरवायची मूठ असते. ती बसवली नाही तर दारात भोक उरतं. ते झाकायची कोरी पट्टी.

मूठ का बसवत नाहीस, काकांनी विचारलं.

उद्या सकाळचं काम होतं. गिऱ्हाइकाची आई रात्री उठायची, दार उघडून वाट फुटेल तिकडे चालू लागायची. आत मूठच नको, दार फक्त माझ्या आवाजावर उघडू दे, असं त्याचं म्हणणं. नियमात बसत नाही हे तिलाही माहीत होतं. पण माणूस रडकुंडीला आला होता, आणि काम तर पाच मिनिटांचं.

"पाचही लागत नाहीत," काका म्हणाले. पट्ट्या त्यांच्या डोक्यामागेच खिळ्याला लटकत होत्या. त्यांनी हात वर केला नाही. "बसा. आधी ऐका. ऐकून झाल्यावर मागितलीस तर फुकट देईन."

"काका, भुताची गोष्ट असेल तर नको," जोडीदार म्हणाला. "मला लांब जायचंय."

"तुझं घर तिसऱ्या गल्लीत आहे रे. बस."

मग काकांनी सांगायला सुरुवात केली ती अशी.

तुमच्यासारखाच निळा शर्ट घालणारा एक होता. उंच, किडकिडीत, मान जराशी वाकडी. म्हणून सगळे त्याला पेचकस म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायची, म्हणजे बघा. कुलपांचं काम तो याच बाकावर बसून शिकला. हात असा साफ की त्याने बसवलेलं दार लागताना आवाज व्हायचा नाही. नंतर या यंत्रांच्या कंपनीत लागला. पगार बरा, व्हॅन मिळाली, फोन मिळाला.

सहा वर्षांपूर्वी त्याने एका घरात सगळी यंत्रणा बसवली. गल्लीच्या टोकाचं बैठं घर. मालक जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण सगळं आखून लागायचं. बायको विसरायला लागली होती. दोनदा रात्री घराबाहेर गेली. दुसऱ्या वेळी सापडली ती हमरस्त्यावर, एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्ताळलेला. त्यानंतर साहेबांनी झोप सोडली आणि पेचकसला बोलावलं.

साहेबांनी नियम सांगितले. बाहेरून दार आकडे दाबून उघडेल. आतून उघडेल ते फक्त त्यांच्या आवाजावर. परगावी राहणारी मुलगी दिवसा तिच्या फोनवरून उघडू शकेल, पण रात्री साडेनऊ ते सकाळी सहा तीही नाही. आणि आत मूठ बसवायची नाही. पेचकस आधी नाही म्हणाला. कंपनीच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय, वीज जाते, इंटरनेट जातं, माणूस आतून हाताने बाहेर पडू शकला पाहिजे. साहेबांनी हात जोडले. हात जोडणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे पुस्तकाचं पहिलं पान कोण काढणार? त्याने पट्टी बसवली. मुठीचं पाकीट तसंच, न फोडता, खिशात टाकलं.

निघताना साहेब म्हणाले, साधे स्क्रू चालणार नाहीत. बाई शिवणकाम करणारी, मशीन स्वतः उघडून साफ करते. नवऱ्याचं नाव विसरेल पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते विसरणार नाही. मग पेचकसने एकेरी स्क्रू लावले. आवळता येतात, सोडवता येत नाहीत. बाई शेजारीच उभी राहून बघत होती. मधल्या बोटात अंगुस्तान होतं. शिवणकाम सुटत आलं होतं, तरी सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी बोटावरून उतरली नव्हती. ती पेचकसला म्हणाली, "छान बसवलंस हो बाळ. अगदी सारखं."

"आता हे दार ऐकतं कसं, ते सांगतो," काका म्हणाले.

"काका, ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

"शिकवलंय. कळलंय का ते बघू."

दार ऐकत नाही. ऐकतो दिवाणखान्यातला डबा. तो तुमचा आवाज उचलतो आणि कुठल्यातरी परक्या शहरातल्या कंपनीच्या कॉम्प्युटरकडे धाडतो. तो कॉम्प्युटर ठरवतो, हा मालक की नाही. होकार आला तर डबा कुलपाला सांगतो आणि मोटर फिरते. सगळं दोन सेकंदांत. माणसाला वाटतं, माझं घर माझं ऐकतं. ऐकत असतो तिसराच. आपल्याच उंबरठ्यावर उभं राहून आपण त्याला विचारत असतो, जाऊ का?

चार वर्षं सुरळीत गेली. मग एका शुक्रवारी रात्री मोजणीसाहेब न्हाणीघरात पडले ते उठलेच नाहीत. हृदय. डॉक्टरांच्या मते एका मिनिटाचा खेळ.

बाई आत. दार बंद. खिडक्यांना गज.

मुलीच्या फोनवर शनिवारी काय दिसत होतं, सांगू? "दार बंद. घरात हालचाल आहे. सर्व ठीक." रविवारीही तेच. बाई दिवाणखाना ते निजायची खोली, निजायची खोली ते दिवाणखाना अशी फिरत होती, छतावरचे सेन्सर ते मोजत होते आणि फोनवर हिरवी खूण उमटत होती. मुलगी आपल्या कामाला लागली. तिला का दोष द्यायचा? तिने हिरव्या खुणेसाठीच तर पैसे भरले होते. शेजाऱ्याला अंगुस्तानाची टकटक ऐकू गेली. त्याने गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, सुट्टीच्या दिवशी कुणाच्या घरी ठोकाठोक चाललीय? खाली तिघांनी अंगठे दाखवले. उठून बघायला एकही गेला नाही.

सोमवारी संध्याकाळी मुलगी आली, तिने आकडे दाबून दार उघडलं. दाराला टेकून बसलेली बाई तिच्या पायांवर पडली. थंड झाली होती.

नंतर डब्यातली नोंद काढली. बाईने डब्याला चारशे बारा वेळा सांगितलं होतं, उघड. डब्याने चारशे बारा वेळा उत्तर दिलं होतं, माफ करा, हा आवाज ओळखीचा नाही. न कंटाळता. न चिडता. एकदाही कुणाला न कळवता, कारण कळवा असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कंपनीचं पत्र आलं. यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली. आतली मूठ जोडणीच्या वेळी बसवण्यात आली होती. ती ग्राहकाने नंतर काढली असावी. पत्राखाली पेचकसची सही होती. कंपनीतल्या वरिष्ठाने कागद पुढे सरकवला, शेजारी त्याच्या नोकरीचा कागद ठेवला आणि पेन दिलं. पेचकसला दोन मुली. त्याने सही केली. पाकीट मात्र त्याने फेकलं नाही. व्हॅनमधल्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात, अगदी तळाशी, तसंच पडू दिलं.

काका थांबले. बाहेरून एक स्कूटर गेली. मुलीने फोन उलटा करून गल्ल्यावर ठेवला होता.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, एकवीस नोव्हेंबरला, गुरुवारी मोजणीसाहेबांच्या मुलीचा, ताईंचा, पेचकसला फोन आला. घर विकलं होतं. घेणारे दुसऱ्या दिवशी दहाला येणार होते आणि यंत्रणेवर अजून मालक म्हणून वडिलांचंच नाव होतं. कंपनी म्हणत होती, नाव काढायला मालकाची परवानगी लागते. ताईंनी सांगितलं, मालक वारले. कंपनी म्हणाली, समजलं, पण परवानगी लागते. दुसरा मार्ग एकच, जोडणी करणाऱ्याने जागेवर जाऊन सगळं पुसायचं. पेचकसला नाही म्हणायचं होतं. सही आठवली आणि हो म्हणाला.

संध्याकाळी सहाला तो पोचला. घर रिकामं होतं. भिंतींवर फर्निचरचे फिकट चौकोन. त्याने हत्यारांची पिशवी दारात अडकवली, दार लागू नये म्हणून, आणि कामाला लागला. दाराच्या आतल्या बाजूकडे त्याने बघितलं नाही. तरी दिसलंच. पट्टीच्या खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, रंगात बारीक बारीक खळगे होते. शेकडो. अंगुस्तानाच्या टोकाएवढे.

त्याने छताचे सेन्सर उतरवले, प्रत्येकावर मार्करने नाव घातलं, निजायची खोली, बोळ, दिवाणखाना, आणि एका खोक्यात ओळीने ठेवले. स्मार्ट दिवे काढले, दिवाणखान्यात एक साधा लावला. शेवटी राहिला डबा. तो पुसायचा तर दार बंद लागतं; कुलूप आपली बंद होण्याची जागा नव्याने मोजतं. तुम्हाला माहीत आहे. त्याने ताईंना फोन केला, दार लावून घेतोय, झालं की सांगतो, तुम्ही तुमच्या फोनवरून उघडा. त्या हो म्हणाल्या. मग दारातली पिशवी त्याने पायाने सरकवली.

बाहेर सरकवली.

दोन मिनिटांचं काम, म्हणून. दार लागलं. त्याने स्वतः बसवलेलं दार, आवाज न करता लागलं. मोटर फिरली.

त्याने डब्यामागचं बटण वीस सेकंद दाबून धरलं. डबा म्हणाला, मालकाची परवानगी आवश्यक आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्याने हेल्पलाइनला फोन लावला. आपण रांगेत एकोणिसावे आहात. बाराव्या नंबरवर असताना फोनची बॅटरी शेवटच्या घटकेला आली. त्याने घाईघाईने तो कॉल तोडून ताईंचा नंबर काढला, एक रिंग गेली... आणि फोन विझला. चार्जर व्हॅनमध्ये. व्हॅन दारासमोर, दहा पावलांवर. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तरी तो घाबरला नाही. ताईंना रिंग गेलीय, त्या उलट फोन करतील, लागला नाही की समजून दार उघडतील. तो दारापाशी उभा राहिला. त्याला ठाऊक नव्हतं, त्या वेळी ताईंनी खरंच ॲप उघडून बघितलं होतं. तिथे लिहिलं होतं, दार बंद, घरात हालचाल आहे, सर्व ठीक. काम चाललंय असं समजून त्या जेवायला बसल्या.

सेन्सर तर खोक्यात होते, हे त्यांना कुठून कळणार?

साडेनऊला डबा बोलला. "शुभ रात्री. घर बंद होत आहे." मोटर पुन्हा फिरली, दुसरा खटका बसला.

आता मात्र पेचकसने खिसे चाचपले. एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, मार्कर, व्हॅनची किल्ली. पट्टीचे चारही स्क्रू एकेरी. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसायचा आणि घसरायचा, बसायचा आणि घसरायचा. ड्रिल पिशवीत. पिशवी दाराच्या पलीकडे, चार बोटं लाकूड मध्ये. मागच्या दाराला तेच कुलूप, तीच पट्टी, तेच स्क्रू. सगळं काम त्याच्याच हातचं. कुठे फट नाही, कुठे ढिलेपणा नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने देवाकडे मागितलं, एखादं काम तरी मी वाईट केलेलं असू दे.

तो खिडकीच्या गजांतून ओरडला. समोरच्या घरात दिवा होता. दिवा गेला.

मग, कुणी बघत नसतानाही ओशाळत, तो डब्याला म्हणाला, "उघड."

"माफ करा. हा आवाज ओळखीचा नाही."

पुन्हा म्हणाला. मोठ्याने म्हणाला. मोजणीसाहेबांसारखा घोगरा आवाज काढून म्हणाला. शिव्या घालून म्हणाला. डबा तितक्याच नम्रपणे नाही म्हणत राहिला. किती वेळा ते त्याने मोजलं नाही. घसा बसला तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला आणि गप्प झाला.

घर गप्प झालं.

"माफ करा," डबा म्हणाला. "हा आवाज ओळखीचा नाही."

पेचकसने मान वर केली. तो बोलला नव्हता.

मिनिटभर काही नाही.

"माफ करा. हा आवाज ओळखीचा नाही."

पुन्हा मिनिट. पुन्हा तेच. मध्ये सारखाच वेळ जात होता, थकलेल्या माणसाला श्वास घ्यायला लागतो तेवढा. कुणीतरी विचारत होतं. ते त्याला ऐकू येत नव्हतं. उत्तर तेवढं येत होतं.

त्याने उठून डब्याचा प्लग उपटला. डब्यावरची निळी रेघ विझली. तेवढ्यात दिवाणखान्यातला तो एकुलता दिवाही गेला. साधा दिवा. त्याला कुणी नियम घातले नव्हते.

अंधार.

त्याने हाताने भिंत धरली. डोळे सरावेनात. मग खोक्यात काहीतरी चमकलं.

सेन्सरचा हिरवा ठिपका. समोरून माणूस गेला की लागतो, तो. बॅटरीवर चालतो. खोक्यात काय हलणार? तो वाकला. मार्करचं अक्षर त्याचंच होतं. निजायची खोली.

ठिपका विझला.

शेजारचा लागला. बोळ.

विझला.

तिसऱ्यावर काय लिहिलंय ते वाचायची गरज नव्हती. तिसरा लागला.

आणि विझला नाही.

"माफ करा," प्लग काढलेला डबा म्हणाला.

पुढचं वाक्य आलं नाही. नुसतं... माफ करा.

मग दारावर टक् झालं. धातूचं टोक लाकडावर. त्याच्या कमरेच्या उंचीवर. आतून. त्याच्यापासून दोन हातांवर.

टक्.

टक्.

पेचकसने कान झाकले. झाकलेल्या कानांतही... टक्. त्याला ओरडायचं होतं. ओरडून काय मागायचं? दार उघड म्हणायचं? कुणाला? तीही तेच मागत होती. इतके महिने. त्याने बसवलेल्या पट्टीपुढे बसून.

तो गुडघ्यांवर आला. आवाज बसलेलाच होता. जे निघालं ते कुजबुजल्यासारखं.

"आजी, मूठ मी बसवली नाही. साहेबांनी काढली नाही. मी खोटी सही केली."

टकटक थांबली.

हिरवा ठिपका तेवढा. त्या उजेडात काही दिसत नव्हतं. दिसू नये असंच त्याला वाटत होतं.

"पाकीट माझ्याकडेच आहे," तो म्हणाला. "फोडलेलंसुद्धा नाही. उद्या ताईंना सांगतो. सगळं लिहून देतो. नोकरी गेली तर जाऊ दे. मला... मला जाऊ द्या."

मग त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं. गार. धातूचं, टोपीसारखं, बारीक खळग्याखळग्यांचं. ते त्याचा हात उचलत नव्हतं. नुसतं दाखवत होतं, इकडे. जसं लहान मुलाला शिवायला शिकवताना त्याचं बोट सुईवर नेतात, तसं. इकडे. अजून थोडं वर.

त्याचा तळहात पट्टीवर पोचला.

पट्टीवर मूठ होती.

त्याने ती फिरवली. स्क्रू ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला. दार आवाज न करता उघडलं.

काकांनी पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट घेतले, खाली ठेवला. जोडीदार शटरकडे बघत होता. अर्धं उघडं शटर त्याला पुरेसं उघडं वाटत नव्हतं बहुतेक.

पेचकस उरलेली रात्र व्हॅनमध्ये बसला, व्हॅनचं दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर. साडेपाचला त्याने मला फोन केला. सातला मी त्या घरासमोर होतो. दार सताड उघडं. मी आतली बाजू बघितली, चष्मा लावून, मग टॉर्च लावून. कोरी पट्टी. चार एकेरी स्क्रू, डोक्यांवरचा रंगही न तडकलेला. मूठ नाही. मूठ बसायला जागा नाही. मी विचारलं, उघडलंस कशाने? पेचकस म्हणाला, मुठीने.

ताईंच्या फोनवर नोंद होती. बारा वाजून सतरा मिनिटं, दार आतून, हाताने उघडलं. त्या नोंदीबद्दल कंपनीला विचारलं तेव्हा कंपनीने कळवलं, नोंदीत चूक असावी. चारशे बारा वेळा बरोबर असलेली नोंद पहिल्यांदाच चुकली म्हणे.

पेचकसने शब्द पाळला. त्याच दिवशी ताईंपुढे बसून सगळं सांगितलं, लिहून सही केली. त्यांनी त्याला चहा विचारला नाही आणि हाकललंही नाही. कागद घेतला, दोनदा वाचला, कपाटात ठेवला आणि वकिलाला फोन लावला. कंपनीने पेचकसला आठवड्यात काढलं. आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या घराच्या दाराला साधी कडी आहे. खटला चालू आहे. कंपनीचं म्हणणं बदललेलं नाही.

"आणि ती मूठ?" मुलीने विचारलं.

काकांनी गल्ल्याखालचा खण उघडला. "वकिलांनी फोटो काढून घेतले. वस्तू जवळ ठेवायला ताई तयार नाहीत, पेचकसही नाही. म्हणून इथे आहे."

त्यांनी एक छोटं प्लॅस्टिकचं पाकीट बाहेर काढलं आणि दिव्याखाली ठेवलं. कारखान्यातून येतं तसं चारही बाजूंनी सील केलेलं. वर छापील नंबर. आत मूठ. मुलीने अशा मुठी शेकड्याने हाताळल्या होत्या. नवी मूठ चकचकीत असते, कडेला बोटं घसरू नयेत म्हणून चोवीस खाचा असतात, धारदार, नखाला लागतील अशा. ही झिजलेली होती. जुन्या घराच्या जिन्याचा कठडा हातांनी झिजतो तशी, गुळगुळीत, एका बाजूला जास्त. उजव्या हाताच्या अंगठ्याची बाजू.

तिने पाकीट हातात घेतलं. मग तिने मागे वळून न बघता जोडीदाराला म्हटलं, उद्याच्या गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करून सांग, मूठ बसणार. बसणार नसेल तर कुलूपही बसणार नाही. आईंसाठी दाराला घंटा लावू, दार उघडलं की त्या गिऱ्हाइकाच्या उशाशी वाजेल. झोपमोड होईल म्हणाले तर म्हणावं, होऊ दे.

"पट्टी?" काकांनी विचारलं.

"नको."

काकांनी मान डोलावली आणि पाकिटासाठी हात पुढे केला. मुलीने ते लगेच दिलं नाही. दिव्याजवळ धरून कडेच्या खाचा ती ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"किती आहेत?" काकांचा आवाज जरा खाली आला. "माझ्याकडे आलं तेव्हा अकरा शिल्लक होत्या."

तिने पाकीट हळूच फिरवलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पाकिटाचं सील चारही बाजूंनी शाबूत होतं.

"सात," ती म्हणाली.